फोरके ब्लू-रे आल्यावर साधी ब्लू-रे बंद पडणार का?

चकतीवाला:
मंडळी एक शंका आहे. माझ्याकडे साध्या ब्लू-रे बऱ्यापैकी जमल्यात, थोड्या डीव्हीडी पण आहेत. आता टीव्ही फोरके घेतला तर मित्र मागे लागलाय की साध्या सगळ्या काढून टाक, अल्ट्रा एचडी फोरके हाच पुढचा फॉरमॅट, नाहीतर व्हीएचएस कॅसेटसारखी गत होईल आणि कोणी फुकट पण नेणार नाही. पण हा फॉरमॅट येऊन बरीच वर्षं झाली ना, मग साधी ब्लू-रे अजून निघतेच कशी? आणि नवीन प्लेअरवर माझ्या जुन्या चालतील का?

निळाकिरण:
चालतील की. फोरके प्लेअर साधी ब्लू-रे पण वाचतो आणि डीव्हीडी पण. उलटं मात्र नाही, फोरके डिस्क साध्या प्लेअरमध्ये टाकलीत तर काही होणार नाही.

आणि साधी अजून निघते त्याचं कारण पण तेच आहे बघा. व्हीएचएस गेली कारण डीव्हीडी प्लेअरमध्ये कॅसेट जातच नव्हती, शिवाय रिवाइंडची कटकट गेली, टेप झिजायची भीती गेली, पाहिजे त्या सीनवर उडी मारता आली. लोकांनी सोय बघून बदल केला, चित्र चांगलं मिळालं हा बोनस. २००६ ला ब्लू-रे आली तेव्हा सोय तीच राहिली, फक्त चित्र-आवाज सुधारला, त्यात पहिली दोन वर्षं एचडी डीव्हीडी या तोशिबाच्या प्रतिस्पर्धी फॉरमॅटशी मारामारी (तोशिबाने २००८ च्या फेब्रुवारीत हात टेकले तेव्हा कुठे मिटलं), म्हणून डीव्हीडी आजही विकली जाते. २०१६ ला फोरके आली तर पुन्हा तेच. टीव्ही सिरीयल तर कितीतरी अजून फोरकेवर आलेल्याच नाहीत.

पिक्चरवेडा:
पण फरक दिसतो हो, उगाच कमी लेखू नका. साधी ब्लू-रे २५ नाहीतर ५० जीबी, फोरके ५०, ६६ किंवा १०० जीबी, वर एचईव्हीसी कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पिक्सेल चौपट आहेत खरे पण खरी मजा एचडीआरची (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) आणि १० बिट रंगाची (रंगांच्या जास्त छटा), अंधारातले सीन बघा म्हणजे कळेल, साध्या ब्लू-रेवर ८ बिटमध्ये आकाशात पट्टे दिसतात ते इथे जवळपास जातात. फक्त टीव्हीला तेवढा उजेड पाडता आला पाहिजे, नुसतं फोरके लिहिलेला स्वस्तातला पॅनल असेल तर एचडीआर नावालाच. आणि बरेच पिक्चर मुळात २के मध्येच (म्हणजे साधारण साध्या ब्लू-रेएवढ्याच पिक्सेलमध्ये) फायनल केलेले असतात, ते नंतर ताणून फोरके केलेत.

रिमोट_कुठाय:
मला तर हा वादच फुकटचा वाटतो राव. फोरके साधीला खाणार का म्हणे! दोघींना स्ट्रीमिंगने कधीच खाल्लंय. ओप्पोने २०१८ ला प्लेअर बनवणं सोडलं, सॅमसंगने २०१९ ला अमेरिकेत नवीन मॉडेल आणणं थांबवलं. पीसीवर बघायचं म्हणाल तर इंटेलने ११व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमधून एसजीएक्सच (डिस्कच्या कॉपी-लॉकला लागणारी सुरक्षेची सोय) काढलं, त्यामुळे त्यांच्यावर फोरके डिस्क अधिकृतपणे चालत नाही. पीएस५ सुद्धा बिनड्राइव्हचा मिळतो. याला काय वाढता फॉरमॅट म्हणायचं?

निळाकिरण:
@रिमोट_कुठाय खप कमी झालाय हे मान्य. पण नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएसचं नेट पुरे म्हणतं आणि डिस्कवर बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, धूर, पाऊस, फिल्मचे दाणे असं काही आलं की तिथेच फरक कळतो. शिवाय स्ट्रीमिंगवरून पिक्चर कधी गायब होईल सांगता येत नाही, कपाटातली डिस्क कुठे जात नाही.

चकतीवाला:
बरं म्हणजे विकायची घाई नको. पण मग आवडते पिक्चर पुन्हा फोरकेत घ्यायचे का?

पिक्चरवेडा:
सरसकट नको. जुने ३५ किंवा ७० एमएमवर शूट झालेले आणि निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेले असतील ते घ्या, त्यात खरंच जीव येतो. २के वाले राहू देत, प्लेअर अपस्केल करून (चित्र फोरकेएवढं मोठं करून) बरा दाखवतो. आणि बाहेरून मागवायची असेल तर फोरके डिस्कला रीजन कोड (ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालायचं बंधन) नसतो, साध्या ब्लू-रेला ए बी सी यातला कुठला रीजन ते बघावं लागतं. पण बॉक्समध्ये बऱ्याचदा दोन्ही डिस्क असतात, त्यातली साधी रीजनला लॉक असू शकते तेवढं मागच्या बाजूला वाचून घ्या.