होळकरांची ड्यूसेनबर्ग

काही जण म्हणतात की ड्यूसेनबर्ग ही जुनी अमेरिकन गाडी म्हणजे तिथल्या श्रीमंतांची नुसती शोबाजी, खरी गाडी रोल्स-रॉइसच. मला हे अजिबात पटत नाही. अहो, 1921 ची फ्रेंच ग्रां प्री ही मोटारशर्यत जिंकलेली कंपनी आहे ती, रेसिंगमधनं वर आलेली, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक देणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी. 1928 च्या मॉडेल जे ला एका रांगेत आठ सिलिंडर, कंपनीच्या दाव्याप्रमाणे 265 हॉर्सपॉवर, आणि सुपरचार्जरवाल्या (म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या) एसजे मॉडेलला तर 320!

कंपनी चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन द्यायची, बॉडी बहुतेक गिऱ्हाइकं आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून, म्हणजे बॉडी बनवणाऱ्या कारखान्याकडून करून घ्यायची. आमच्या इंदूरच्या महाराज दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी एसजे घेतली नि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवून घेतली, काळी-नारिंगी, लांबच लांब बॉनेट आणि एवढ्या धुडात बसायला फक्त दोघं. ज्यांनी आपला माणिकबाग राजवाडा जर्मन आर्किटेक्ट मुथेसियसकडून बांधून घेतला, आतलं फर्निचरसुद्धा त्या काळातलं एकदम मॉडर्न, त्यांनी ही गाडी नुसत्या दिखाव्यासाठी घेतली असं कसं म्हणणार?

आणि 1937 ला कंपनी बंद पडली ती गाडी वाईट म्हणून नाही, मंदीत एवढं महाग घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही आणि कंपनीचा मालक कॉर्ड याच्या उद्योगांचा सगळा डोलाराच कोसळला.