मदत हवी आहे: नीडल फेल्टिंगच्या पक्ष्यांसाठी लोकर किती मागवू?

निळावंती:
नीडल फेल्टिंगने, म्हणजे लोकर सुईने टोचून टोचून घट्ट करत, पक्षी करायचे आहेत, दोन बुलबुल, एक खंड्या आणि तीन शिंजीर (सनबर्ड). लोकर किती ग्रॅम मागवू? मैत्रिणीची ऑर्डर आज रात्री जातेय, त्यातच माझंही टाकायचंय म्हणजे कुरियर वाचेल. प्लीज कुणीतरी सरळ आकडा सांगा.

पिंजारी:
साइझ काय? आत वायर घालणार का? पूर्ण लोकरीचे भरीव की आत दुसरं काही?

लोकरवेडी:
मेरिनो मेंढीची मऊ लोकरच घे गं, डोळे झाकून अर्धा किलो. उरली तर उरली, लोकर वाया जात नाही.

पिंजारी:
अर्धा किलो मेरिनो कशाला?? आतल्या भरावाला मेरिनो वापरणं म्हणजे पैसे पाण्यात, शिवाय ती इतकी बारीक आणि गुळगुळीत असते की टोचत बसावं लागतं. आत साधी पिंजलेली कोअर वूल, वरून रंगाचा पातळ थर.

निळावंती:
साइझ खऱ्या पक्ष्याएवढी. वायर फक्त पायांना.

माळरान_५१:
बाहेरून कशाला मागवता ताई? आपली दख्खनी मेंढीची लोकर घ्या की, घोंगडी विणणाऱ्यांकडे मिळते, जाडीभरडी असल्यामुळे पटकन आवळते. आपल्या धनगरांना चार पैसे मिळतील.

पिंजारी:
मुद्दा पटला, पण ती बहुतेक काळी-करडी असते. खंड्याचा गळा पांढराशुभ्र, त्याखालून काळे केस डोकावणार. बुलबुलाला चालेल.

माळरान_५१:
पांढरा थर जाड द्या, नाही दिसत. आणि पांढऱ्या मेंढ्या पण असतात हो कळपात.

सुगरण_नाशिक:
उशीतला पॉलिस्टर कापूस भरा, स्वस्तात काम होतं. सुई त्यालाही टोचून धरते.

पिंजारी:
धरते, पण स्प्रिंगसारखा परत फुगतो, चोचीच्या मुळाशी घट्टपणा येत नाही. आणि साधा कापूस तर अजिबात नको.

चिमणपाखरू:
लोकरीला कसर लागते बरं का, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात ठेवा.

निळावंती:
कसरीचं नंतर बघू, ग्रॅम सांगा ना कुणीतरी!

पिंजारी:
सांगतो. ५ सेंमी व्यासाचा घट्ट गोळा साधारण १० ग्रॅमचा होतो, टोचायच्या आधी तेवढ्याच लोकरीचा ढीग त्याच्या तिप्पट तरी दिसतो, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, किचनमधला वजनकाटा काढा. बुलबुल शेपटीसकट २० सेंमी, त्याला ३५ धरा. खंड्या २८ सेंमी, डोकं आणि चोच मोठी, ६० धरा. शिंजीर १० सेंमीचा, ६ पुरे. एकूण १४८, वर पाव भाग जास्तीचा, म्हणजे १८५. त्यातली १४० कोअर, बाकी रंग.

लोकरवेडी:
शिंजीर ६ ग्रॅम आणि बुलबुल ३५? दुप्पट उंची तर दुप्पट लोकर ना?

पिंजारी:
नाही हो, उंची दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, लोकर आठपट लागते. ३५ चा आठवा भाग साडेचारच्या आत येतो, शिंजिराला ६ म्हणजे थोडे जास्तच धरलेत. आकार बदललात तर सगळा हिशोब बदलणार.

निळावंती:
वा, हेच हवं होतं! रंगांत तपकिरी, काळा, निळा, पांढरा, तांबूस, पिवळा घेते. लाल किती?

पिंजारी:
बुलबुलाच्या बुडाला आणि खंड्याच्या चोचीला मिळून ५ ग्रॅमही पुष्कळ, पण पाकीट सहसा १० चं येतं. सुया विसरू नका (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक): ३६ गेज आकार द्यायला, ३८ नेहमीच्या कामाला, ४० फिनिशिंगला. ३८ च्या जास्त घ्या, पायांच्या वायरला लागली की हमखास तुटते. जाड फोमचं पॅड आहे ना?

निळावंती:
पॅड आहे. १५० कोअर आणि रंगांची पाकिटं ऑर्डरमध्ये टाकली, सुया पण. माळरानदादा, पुढच्या वेळी दख्खनी लोकर नक्की, पिंजलेली मिळते का?

माळरान_५१:
मिळते, धुऊन घ्यावी लागते मात्र. मेसेज करतो.

चिमणपाखरू:
धुताना गरम पाण्यात चोळू नका हं, डब्यातच आवळून बसेल.