दोन तक्ते जोडताना नावावर भरवसा ठेवावा का?

आकडेमोड
मागच्या आठवड्यात एक तक्ता तपासायला आला. आरोग्य केंद्रांची २०१९ची जिल्हावार यादी आणि शेजारी २०११च्या जनगणनेची लोकसंख्या. दोन्ही याद्या इंग्रजी वर्णानुक्रमे होत्या, म्हणून ओळीला ओळ जुळेल असं धरून थेट चिकटवलेलं. परभणीसमोर ९४ लाख! तो आकडा पुण्याचा. परभणीचे १८ लाख वर पालघरसमोर. २०११ला जिल्हे ३५ होते, १ ऑगस्ट २०१४ला पालघर झाला आणि खालचं सगळं एक घर सरकलं.

हे निदान डोळ्याला खुपलं. बीड आणि भंडाऱ्याची अदलाबदल कुणाला दिसलीच नव्हती. जनगणनेत बीडच्या स्पेलिंगमध्ये 'आय' आहे, त्यामुळे तिथे भंडारा आधी येतो. दुसऱ्या यादीत 'डबल ई', म्हणून बीड आधी.

माझं ठाम मत: नावानेच जोडा. नाव जुळलं नाही तर रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना चुकीच्या आकड्यापेक्षा कधीही बरा.

कोकणकडा
असहमत. देशभरचा तक्ता घ्या. जनगणनेत आपल्या रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. त्यात २०२३ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ला अहिल्यानगर. नावाने जोडलंत तर हे तिन्ही जिल्हे जुन्या तक्त्यांतून गळतील. कोडने, म्हणजे जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला आणि गावाला दिलेल्या क्रमांकाने जोडा, नाव फक्त वाचण्यापुरतं ठेवा.

माणदेशी
कोकणकडा, कोड असतो कुठे? आमच्याकडे गावपातळीची माहिती हाताने लिहिलेल्या वह्यांतून येते. आशाताई गावाचं नाव लिहितात, सहा आकडी कोड नाही. कोड नसलेली माहिती काय टाकून द्यायची? राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव अशी चारही नावं एकत्र धरून जुळवली की बहुतेक काम होतं. उरलेलं हाताने.

रात्रपाळी
हाताने कराल तर ठीक, पण 'साधारण सारखं' नाव शोधणाऱ्या सोयीवर सोडू नका. एकाच तालुक्यातलं बुद्रुक आणि खुर्द मी त्या नादात एक करून बसलो होतो. बाकी सगळी अक्षरं तीच, सारखेपणाचे गुण भरपूर मिळाले, गावं मात्र दोन. उलट 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला एकच दिसतो, संगणकाला वेगळा. तिथे खरं जुळणारं नाव सुटलं. आधी अक्षरं एकसारखी करून घ्या, मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढा, मगच जुळवणी.

आकडेमोड
रायगडचा मुद्दा मान्य, राज्याचं नाव सोबत हवंच. पण कोकणकडा, कोडने सगळं सुटतं हे मान्य नाही. त्याच तक्त्यात ठाणे बघा. नाव जुळतं, कोड लावलात तरी ठाणे ठाण्यालाच जुळणार, आणि तरीही चूक. २०११चे १,१०,६०,१४८ लोक पालघरसकट आहेत. २०१९ची केंद्रं फक्त उरलेल्या ठाण्याची. भागाकार केला की ठाण्यात केंद्रं फारच तुटपुंजी दिसतात.

कोकणकडा
हे पटलं. मग जिल्ह्याचा आकडा सोडा आणि २०११चे तालुक्यांचे आकडे घ्या. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या आठांची बेरीज पालघरसमोर, बाकीची ठाण्यासमोर. तालुके मात्र मी कोडनेच जोडणार.