मार्च ब्रेक शिबिर: ३:४० नंतर मिनिटाला एक डॉलर

शिबिर समन्वयक, सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

शाळेच्या मार्च ब्रेकच्या सुट्टीत, १६ ते २० मार्च २०२६ ला, कॅनडातल्या आपल्या मराठी मंडळाचं शिबिर आहे. त्यासाठी आजपर्यंत २६ मुलं झाली. चार जागा उरल्यात. फी गेल्या वर्षीचीच, पाच दिवसांचे १७५ डॉलर. वेळ ९ ते ३:३०. डबा घरून. शेंगदाणे, काजू, बदाम चालणार नाहीत, म्हणजे कूट घातलेली खिचडीसुद्धा नको. यंदा गुढीपाडवा गुरुवारी, १९ तारखेला शिबिरातच येतोय, त्यामुळे त्या दिवशी मुलं गुढ्या करतील.

एक बदल आहे. गेल्या वर्षी मंगळवारी आणि गुरुवारी काही मुलांना न्यायला फार उशीर झाला, ते परत नको. हॉलचं परमिट ४ पर्यंतचं आहे आणि त्याआधी तो झाडून द्यायचा असतो. म्हणून ३:४० नंतर मिनिटाला एक डॉलर आकारायचं समितीत ठरतंय. हरकत असेल तर बुधवारपर्यंत लिहा, गुरुवारी फॉर्म जाईल.

ब्रॅम्प्टनहून एक बाबा, सोमवार रात्री ११:५५

ताई, गुरुवारी उशीर झाला तो माझ्यामुळे. तेव्हाही माफी मागितली होती, आज पुन्हा मागतो.

माझी शिफ्ट ३:३० ला सुटते. गोदामातून बाहेर पडताना तपासणीची रांग असते, मग दोन बस. रोज ४:१५ होतातच, आणि त्या दिवशी वरून अर्धा तास ओव्हरटाइम सांगितला. एजन्सीमार्फत कामावर असलेल्या माणसाने नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. बायको पीएसडब्ल्यू आहे, म्हणजे आजारी-वृद्धांची देखभाल करते, तिची पाळी ३ ला सुरू होते. मी पोचलो तेव्हा पोरगी पायरीवर बसली होती. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, रिकामा डबा मांडीवर, शेजारी तुम्ही. घरी जाताना बसमध्ये तिने विचारलं, "बाबा, माझं काही चुकलं का?"

आता हिशोब सांगतो. ४:१५ ला आलो तर ३५ डॉलर. किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० आहे, म्हणजे रोजची दोन तासांची मजुरी. पाच दिवसांचे १७५. शिबिराची फी मी दोनदा भरायची. फी परवडते म्हणून नाव घातलं होतं. वेळ परवडत नाही.

खजिनदार, मंगळवार सकाळी ७:१०

दंड कमाईसाठी नाही हे आधी स्पष्ट करतो. परमिटची वेळ उलटली तर पुढच्या पूर्ण तासाचं भाडं आणि केअरटेकरचे पैसे मंडळाला पडतात. दिवाळीच्या जेवणात तोटा झाला तो सगळ्यांना माहीत आहे, खातं त्यातून अजून वर आलेलं नाही.

शिबिराची पावती जपून ठेवा. टॅक्समध्ये मुलांच्या सांभाळाचा खर्च म्हणून ती दाखवता येते. सातच्या आतल्या मुलासाठी वर्षाला ८,००० आणि ७ ते १६ साठी ५,००० ही मर्यादा आहे. नवरा-बायकोपैकी ज्याचं उत्पन्न कमी त्याने सहसा दाखवायचं असतं. दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन येतात, यंदा आधीच सांगून ठेवतो.

ओकव्हिलहून एक आई, मंगळवार सकाळी ८:२५

मी घरून काम करते, त्यामुळे मला साडेतीनला येता येतं. पण ब्रॅम्प्टनच्या बाबांचं पत्र दिवसभर डोक्यात राहणार आहे. आम्ही १७५ ऐवजी २५० भरायला तयार आहोत आणि असे आणखी चार-पाच जण सहज निघतील. तेवढ्यात जादा तासाचं भाडं निघत नाही का?

धाकटा जुलैत चार वर्षांचा होईल. त्याच्या ताईसोबत आला तर चालेल ना? फार शांत आहे.

मंडळाच्या बालशाळेची एक शिक्षिका, मंगळवार सकाळी ९:०५

धाकट्याला घेता येणार नाही. लायसन्सशिवायचं शिबिर चालवायची मुभा आपल्याला चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांपुरतीच आहे, तीही शाळा बंद असलेल्या दिवसांत आणि वर्षाला १३ आठवड्यांपर्यंत. सप्टेंबरपासून पुढे त्याच वर्षात चार पूर्ण होणारी मुलं चालतात, मार्चमध्ये नाही. शांत असण्याचा प्रश्न नाही. एक अपवाद केला आणि काही झालं तर शिबिरच बंद पडेल.

मिसिसागाच्या काकू, मंगळवार दुपारी १:३०

मुलांनो, माझं घर हॉलपासून चालत सहा मिनिटांवर आहे. उशिरा जाणारी मुलं माझ्याकडे पाठवा. वरणभात तर रोज होतोच, चार मुठी तांदूळ जास्त टाकीन.

माझी मावशी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे शिकली. ती सांगायची, १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा गरीब वस्तीतली मुलं तिथे येईनात, मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज सगळा देश अंगणवाडी म्हणतो तो शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळा कुरणात भरवली. पोरं गुरं सोडून येत नाहीत म्हणून कुणी दंड लावला नाही. आपल्या ह्या बाबाची गुरं म्हणजे त्याची शिफ्ट आहे, एवढंच मला कळतं.

मिल्टनहून एक बाबा, मंगळवार दुपारी २:१५

काकू, तुमचं मन मोठं आहे, पण एक नियम ध्यानात घ्या. लायसन्स नसताना घरी मुलं सांभाळायची तर १३ च्या आतली जास्तीत जास्त पाच. गेल्या वर्षी साडेतीननंतर किती उरायची? मला सात आठवतात. शिवाय हॉल सोडल्यावर मंडळाचा विमा लागू होतो का, हे कोण सांगणार?

आणि ह्या सगळ्याचं मूळ वेगळंच आहे. माझी धाकटी डेकेअरमध्ये आहे. जानेवारी २०२५ पासून दिवसाला २२ डॉलरच्या वर फी नाही. पूर्वी थोरलीच्या वेळी आमचा एक पगार त्यातच जायचा. पण ही सवलत सहा वर्षांपर्यंतच. पोर पहिलीत गेलं की पीए डे (शिक्षकांच्या कामासाठी मुलांना सुट्टी असते तो दिवस), मार्च ब्रेक, उन्हाळा, सगळं ज्याचं त्याने बघायचं. सात वर्षांचं मूल काय घरी एकटं बसणार?

बालशाळेची एक शिक्षिका, मंगळवार दुपारी २:५०

सात नाही, मंगळवारी पाच आणि गुरुवारी सहा होती. हजेरीवही माझ्याकडे आहे.

खजिनदार, मंगळवार संध्याकाळी ६:२०

ओकव्हिलच्या ताईंना: जादा पैसे आले तर आनंदच आहे. पण उरलेल्यांना सवलत द्यायची तर कुणाला द्यायची, हे कशावरून ठरवायचं? मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन दोन्ही शहरांत त्यांच्या वर्गांसाठी ॲक्टिव्ह असिस्ट ही कमी उत्पन्नवाल्यांना सवलत देणारी योजना आहे, तिथेही उत्पन्नाचा पुरावा लागतो. आपणही नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे टॅक्स खात्याकडून येणारा उत्पन्नाचा कागद, मागावी. मी एकटाच बघेन, कुणाला सांगणार नाही.

एक आई (नाव देत नाही), मंगळवार रात्री १०:४८

मी हे समन्वयक ताईंकडून पाठवतेय.

खजिनदारदादा, तुम्ही सांगणार नाही यावर माझा विश्वास आहे. पण दाखवावं तर मलाच लागणार ना. आम्ही ऑगस्टमध्ये आलो. नोटीस मागच्या वर्षाच्या टॅक्सची असते, आमच्याकडे ती नाहीच. नवरा नाशिकला इंजिनिअर होता, इथे सध्या रात्री पेट्रोल पंपावर असतो. मंडळात संक्रांतीला आम्ही नीट कपडे करून आलो, तिळगूळ दिला-घेतला. त्याच लोकांसमोर माझा कागद गेला तर पुढच्या संक्रांतीला मी येणार नाही.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलून तोंड दुखतं म्हणतो. शिबिरात पाच दिवस तो मराठीत भांडेल, एवढ्यासाठी मला त्याला पाठवायचंय.

ओकव्हिलहून एक आई, मंगळवार रात्री ११:०५

कागद मागू नका. फॉर्मवर तीन आकडे छापा, ६०, १७५, २५०. ज्याला जो झेपेल त्यावर त्याने खूण करावी आणि पैसे थेट खात्यात जावेत. शिबिरातल्या ताई-दादांना कुणाचा आकडा कळूच नये. कुणी खोटं सांगेल ही भीती असेल तर मी म्हणते, सांगू दे. एकाने चुकून ६० भरले म्हणून पाच जणांना कागद घेऊन उभं करायचं नाही.

खजिनदार, बुधवार सकाळी ७:०२

दहा जणांनी ६० भरले आणि चारच जणांनी २५० भरले तर ८५० ची तूट येते. ती कुठून भरायची, एवढं सांगा. कागदाचा हट्ट मी सोडतो. कालचं पत्र दोनदा वाचलं.

युवा गटातून, बुधवार दुपारी ४:१०

नमस्कार, मी बारावीत आहे. शिबिराबद्दल युवा गटाला कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे ह्याच बालशाळेत शिकलो. शाळेच्या डिप्लोमासाठी ४० तास स्वयंसेवा लागते, माझे २२ राहिलेत. आम्ही सहा जण ३:३० ते ५ थांबू शकतो. लगोरी घेऊ, गृहपाठ घेऊ. गेल्या वर्षी मला कपाटाची किल्ली दिली नव्हती, म्हणून लगोरीच्या चकत्या मिळाल्या नाहीत आणि लहान मुलं अर्धा तास नुसती भिंतीला टेकून बसली. ते मला आवडलं नाही.

मी पण लहानपणी शेवटपर्यंत थांबणारी होते. आईची शिफ्ट असायची. तेव्हा एक दादा माझ्याशी रोज पत्ते खेळायचा, म्हणून मला उशीर झाल्यासारखं कधी वाटलंच नाही.

बालशाळेची एक शिक्षिका, बुधवार दुपारी ४:४५

कपाटात बालशाळेची पुस्तकं आणि परीक्षेचे कागद असतात, म्हणून किल्ली देत नाही. यात अविश्वास नाही. चकत्या मी वेगळ्या पिशवीत काढून ठेवते. पण मुलांसोबत दोन मोठी माणसं हवीतच, दोघांचं पोलिसांकडचं व्हल्नरेबल सेक्टर चेक झालेलं हवं. बारावीची मुलं मदतीला असतील, जबाबदारीला नाही.

सांस्कृतिक समिती, बुधवार संध्याकाळी ५:३०

शनिवारी, २१ तारखेला पाडव्याचा कार्यक्रम आहे आणि शुक्रवारी ४ पासून हॉल आमच्याकडे आहे. हे डिसेंबरातच ठरलं होतं. पडदे, ध्वनी, नाटकाची रंगीत तालीम. शुक्रवारी ५ पर्यंत मुलं थांबणार असतील तर स्टेजजवळ वायरी असतात, ते चालणार नाही. बाकी चार दिवसांबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही.

शिबिर समन्वयक, बुधवार रात्री ९:१५

सगळ्यांची पत्रं वाचली. मिनिटाला डॉलर ही कल्पना माझीच होती. त्या गुरुवारी पायरीवर बसल्या बसल्या मला परमिटचं घड्याळ दिसत होतं. बसमध्ये तिने काय विचारलं ते मला माहीत नव्हतं. दंड रद्द.

सोमवार ते गुरुवार परमिट ५:१५ पर्यंत वाढवलंय, आज दुपारीच फोन केला. ५ पर्यंतचा वेळ सगळ्यांसाठी खुला असेल, वेगळी फी नाही, वेगळी यादी नाही. ज्याला साडेतीनला न्यायचं त्याने न्यावं. मुलं पाच मिनिटांत पांगली तरी चालेल, पण "उशिराची मुलं" हा शब्द कुणी वापरायचा नाही. फॉर्मवर तीन आकडे येतील. तूट आली तर पाडव्याला श्रीखंडाच्या वाट्यांचा स्टॉल लावू. खजिनदारांनी हो म्हटलंय.

चेक झालेल्या मोठ्यांपैकी चारही दिवस मी आहे. सोमवारी-मंगळवारी मिल्टनचे दादा, बुधवारी काकू. गुरुवारी पाडवा, त्या दिवशी आणखी एक हवं. शुक्रवारची सोय अजून नाही.

मिसिसागाच्या काकू, बुधवार रात्री ९:४०

गुरुवारीही मीच येते. गाठी घरी करून आणते, साखरेच्या, त्यात दाणे नसतात. शुक्रवारी माझ्याकडे पाचच मुलं, नियमातली. पण पाचांत कोण, ते मला नका ठरवायला लावू.

ब्रॅम्प्टनहून एक बाबा, गुरुवार पहाटे ५:२०

शुक्रवारी मी शिफ्ट बदलून मागितली आहे, सोमवारी कळेल. मिळाली तर काकूंकडची माझ्या मुलीची जागा नाशिकच्या ताईंच्या मुलाला द्या. मुलीला पाच दिवस थांबायचंय असं ती म्हणते, लगोरी आहे हे ऐकल्यापासून.