कन्सल्टिंग: पीपीटीच्या पलीकडे

या चर्चेत कुणीतरी 'कन्सल्टिंग (म्हणजे कंपन्यांना धंद्याबद्दल सल्ला देण्याचं काम) म्हणजे नुसत्या पीपीटी, म्हणजे पॉवरपॉइंटच्या स्लाइड्स' असं लिहिलंय. अर्धं खरं आहे. स्लाइड्स रात्री दोनपर्यंत बनवल्या आहेत मी, त्यामुळे हसू आलं.

पण तू एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहेस आणि कन्सल्टिंगच्या मुलाखतीसाठी कोणतं पुस्तक वाचू असं विचारतोयस, म्हणून सांगतो. पुस्तक नंतर बघ, आधी तोंडी सराव कर. केस इंटरव्ह्यूत, म्हणजे एखादा प्रश्न तिथल्या तिथे सोडवून दाखवायच्या मुलाखतीत, विचारतात, 'मुंबईत रोज किती वडापाव खपतात?' उत्तराचा आकडा कुणालाच माहीत नसतो, विचारणाऱ्यालाही नाही. एका गाडीवर गर्दीच्या तासाला किती, एरवी किती, अशा गाड्या किती, हे मोठ्याने बोलत मांडायचं. मग उलट बाजूने, म्हणजे लोकसंख्या आणि खाणारे धरून मोजायचं. दोन आकड्यांत दसपट फरक आला तर गृहीतक कुठे घसरलं ते स्वतःच शोधायचं. मुलं इथेच गडबडतात, आकडा पाठ केल्यासारखा सांगून गप्प बसतात.

या धंद्याचा इतिहासही थोडा चाळ. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी १९२६ साली शिकागोत हिशेबशास्त्राच्या एका प्राध्यापकाने काढली. बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) १९६३ची, आणि तिथूनच बाहेर पडून बिल बेन यांनी १९७३ मध्ये बेन ही कंपनी काढली.

पगार चांगला, पण 'वर चढा नाहीतर बाहेर पडा', म्हणजे बढती मिळाली नाही तर नोकरी सोडा, हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. बऱ्याचदा क्लायंटच्या गावी जायला सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री घरी. लग्न ठरत असेल तर हे आधीच सांगून टाक बाबा!