मदत हवी आहे: पगार आहे, थोडी शेती आहे, तरी बजेट दर जूनला का कोलमडतं?

रानवाटा
लातुरात भाड्याच्या घरात आम्ही चौघं आणि आई. खासगी नोकरी, पगार हातात ३६,०००. गावाकडं वडिलांच्या नावावर चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. महिन्याचा खर्च: भाडं ७,०००, किराणा ७,५००, दूध १,८००, पेट्रोल २,०००, वीज-गॅस-मोबाइल ३,२००, शिकवणी २,५००, गाडीचा हप्ता ३,१०० (अजून पाच महिने), आईची औषधं १,५००. बेरीज २८,६००. म्हणजे ७,४०० उरायला पाहिजेत. उरत तर नाहीतच, वर जूनमध्ये पंधरा-वीस हजार हातउसने घ्यावे लागतात. गळती कुठं आहे?

खतावणी
गळती नंतर शोधू, आधी यादी पुरी करा. महिन्याचे खर्च मांडलेत, सालाचे मांडलेच नाहीत. जून ते मे असे बारा रकाने पाडा आणि ज्या महिन्यात पैसा जातो तिथं आकडा लिहा. तुमच्यासारख्या घराचा ढोबळ हिशेब: जूनमध्ये लेकरांची फी, वह्या, गणवेश २४,०००. महालक्ष्म्या ते दिवाळी, कपड्यांसकट १५,०००. विम्याचे हप्ते १२,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. फेब्रुवारी-मार्चात सालाची ज्वारी-गहू-डाळ १४,०००, एप्रिलात तिखट-मसाला ४,०००. लग्नसराईचा आहेर आणि जाणं-येणं ८,०००. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी ३,०००. झाले ८४,०००. भागिले बारा, ७,०००. तुमचे 'उरलेले' ७,४०० इथंच आहेत.

रानवाटा
बाप रे. पण ज्वारी-गहू-डाळ मी किराण्यातच धरलंय, दर महिन्याला दुकानातूनच आणतो.

खतावणी
मग ते दोनदा धरलं गेलं, सालाच्या यादीतून काढा. ७०,००० राहिले, महिन्याला ५,८३३. हातात मोकळे राहतात १,५६७. पुढं कधी सालाचं एकदम भरलंत तर किराणा ६,३०० वर बांधायचा. धान्य कोठीत आणि किराण्याचं बिल मात्र तेच, असं बऱ्याच घरांत होतं. मग बचत कुठं गेली ते कळत नाही.

आठवडी_बाजार
यादीत भाजीपाला दिसत नाही! आठवड्याला किती लागतो?

रानवाटा
फळं-अंडी धरून सातशे. रोख जातात म्हणून लक्षात आलं नाही.

आठवडी_बाजार
इथं चारने गुणू नका. वर्षात आठवडे ५२, म्हणून ७०० × ५२ ÷ १२ = ३,०३३. मोकळे होते १,५६७, म्हणजे दर महिन्याला १,४६६ ची तूट. बाराने गुणलं की १७,५९२. तुमचे जूनचे हातउसने हेच.
गॅसचंही असंच. टाकी ४५ दिवस जात असेल तर वर्षाला आठ टाक्या धरा, बारा नव्हे. आणि दुकानाच्या वहीवर उधारी असेल तर खर्च माल आणला त्या तारखेला लिहा, बाकी चुकवली त्या तारखेला नाही. नाहीतर मागच्या महिन्याचं तेल-साखर या महिन्याच्या पगारातून जातं आणि दोन्ही महिन्यांचे आकडे खोटे पडतात.
ॲप सुटतं कारण दहा रुपयांचा चहासुद्धा टिपायला बसतो माणूस. त्यापेक्षा रविवारी सातशे रोख एका डब्यात ठेवा. डबा रिकामा झाला की पुढच्या रविवारपर्यंत घरातल्या डाळी.

मृगाचा_पाऊस
शेतीवर कोणी बोललं नाही. तो पैसा पगाराच्या खात्यात येऊच देऊ नका. वडिलांच्या खात्यात राहू द्या आणि वही वेगळी ठेवा. आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, हमाली-तोलाई वजा होऊन जो आकडा येतो तेच उत्पन्न, भाव गुणिले क्विंटल नव्हे. आडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली असेल तर तीही आधी वजा करा. उचलीवर व्याज लागलं नाही असं वाटतं, पण माल तिथंच घालावा लागतो आणि भावाला ताणता येत नाही.
रास झाल्यावर क्रम असा ठेवा. आधी पीककर्जाची रक्कम बाजूला. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र-राज्याच्या सवलतीनं व्याज शून्यावर येतं, तारीख चुकली की सवलत गेली. मग पुढच्या खरिपाचं बी-खत. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणं, चार एकराला १२०. घरचं चालतं, पण पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे टाकून बघा, सत्तरच्या वर उगवले तर ठीक. पीएम किसानचे २,००० खात्यात पडल्याशिवाय धरू नका. सोनं शेवटी, आणि ते दिवाळीच्या घाईत तर नकोच.

रानवाटा
सालाचे ५,८३३ ठेवायचे कुठं? आवर्ती ठेव करू का?

खतावणी
नको. पैसे मधेच काढायचेत आणि ठेव मोडली की व्याज कापतात. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्डही घेऊ नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप रक्कम जाईल अशी सूचना पगाराच्या बँकेत देऊन ठेवा.
पहिलं वर्ष अवघड असतं. नोव्हेंबरला सुरू केलं तर मेअखेर सात हप्ते, म्हणजे ४०,८०० जमतात. त्यातून आहेर, तिखट, टँकर गेले आणि विमा मार्चमध्ये असेल तर तोही गेला, की १३,८०० राहतात आणि फी २४,०००. कमी पडणारे दहा हजार सोयाबीनच्या पैशातून सुरुवातीलाच टाका. गाडीचा हप्ता फिटेपर्यंतची तूटही तिथूनच, पाच महिन्यांचे ७,३३०. हप्ता सुटला की ३,१०० मधून तूट भागते आणि १,६३४ राहतात, ते आईच्या दवाखान्यासाठी वेगळे काढा.

रानवाटा
आजच बारा रकाने पाडतो. येळवशीचा (वेळा अमावस्येचा) खर्च राहिलाच की, मार्गशीर्षात १,५०० तरी लिहावे लागतील.

आठवडी_बाजार
लिहा. महिन्याला १२५ नं तूट वाढली.