प्रति: 'पॅम.डी'मध्ये ओळ दिसली म्हणजे धोका आहेच?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की पॅम.डी फोल्डरमधल्या (लिनक्समधले लॉगिनचे नियम इथे असतात) फाइलींत पॅम_नेमस्पेसची, म्हणजे प्रत्येक युजरला टीएमपीसारख्या फोल्डरची वेगळी प्रत देणाऱ्या मॉड्यूलची, ओळ सापडली तर मशीन सीव्हीई-२०२५-६०२० च्या तावडीत आहे. ही त्या मॉड्यूलमधली त्रुटी, जिच्यामुळे साधा युजर रूट (सर्वाधिकारी) होऊ शकतो. तेवढ्यावरून ठरत नाही. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये एसएसएचडी (दुरून लॉगिन देणारी सेवा) आणि लॉगिनच्या फाइलींत ती ओळ मुळातच असते. खरं काम ईटीसी/सिक्युरिटीमधल्या नेमस्पेस.कॉन्फ आणि नेमस्पेस.डी यांवर चालतं. तिथे सगळ्या ओळींपुढे हॅश (#, म्हणजे ओळ बंद) असेल तर मॉड्यूल काहीच माउंट करत नाही, म्हणजे कुठलंही फोल्डर दुसऱ्याच्या जागी जोडत नाही. हॅश काढलेला असेल तर पाथ नीट वाचा. नमुन्यातली 'डॉलर होम'ची (युजरच्या होम फोल्डरची) ओळ सर्वांत वाईट, कारण इन्स्टन्स डिरेक्टरी, म्हणजे ती वेगळी प्रत, युजरच्याच घरात बनते. मॉड्यूल रूट म्हणून पाथ तपासतं आणि मग वापरतं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये युजरने सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे वळवणारा दुवा) घुसवली की रूटचं काम भलत्याच जागी होतं.

दुरुस्ती लिनक्स-पॅम १.७.१ मध्ये आहे, पण डिस्ट्रो (रेड हॅटसारखे लिनक्सचे वितरक) ती जुन्या आवृत्तीत बॅकपोर्ट करतात, म्हणजे आवृत्तीचा आकडा जुनाच ठेवून बसवतात. म्हणून आकडा नको, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) पाहा. इथे कुणीच न मांडलेला मुद्दा: डिस्ट्रोची स्वतःची नेमस्पेस.इनिट स्क्रिप्ट (इन्स्टन्स डिरेक्टरी तयार करताना चालणारी) असेल तर तीही बदलावी लागू शकते. ती हाताने बदललेली असल्यास अपडेट तिला बहुधा हात लावणार नाही, फरक स्वतः तपासा.

तात्पुरतं मॉड्यूल बंद करताना एक रूट सेशन उघडं ठेवा, आणि युजरना आधी कळवा. नव्या लॉगिनला टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) सामाईक दिसेल, त्यांच्या जुन्या फाइली इन्स्टन्स डिरेक्टरीतच राहतील.